हिरडीला लावलेला टिपकागद

दात आणि हिरडी यांच्यामध्ये, दाताला चहूबाजूंनी वेढून, एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात ती जेमतेम एक ते तीन मिलिमीटर खोल. या खाचेत एक द्रव झिरपत असतो. तो इतका थोडा असतो की 1980 साली स्टीफन चॅलकोम्ब यांनी तो मोजला, तेव्हा दाढांच्या फटीतल्या एकेका जागी सरासरी 0.43 ते 1.56 मायक्रोलिटर एवढाच भरला. पाण्याच्या साध्या थेंबाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे अदमासे एक मायक्रोलिटर. सगळ्या दातांभोवतीचा मिळून दिवसाकाठी अर्धा ते अडीच मिलिलिटर द्रव तोंडात उतरतो, थुंकीत मिसळतो आणि आपल्या नकळत गिळलाही जातो.

हिरड्यांतून पू आणि रक्त येतं, दात हलायला लागतात, तोंडाला वास मारतो, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत दंतमूलाचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतल्या दंतवेष्टाचं वर्णन वाचलं की आपण ज्याला सरसकट 'पायोरिया' म्हणतो तो आजार डोळ्यांसमोर उभा राहतो: हिरड्यांतून पू-रक्त वाहणं आणि दात खिळखिळे होणं. पण पू दिसतो तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच खाचेतून स्वच्छ, बिनरंगी द्रव येत असतो. त्याची दखल घ्यायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं, कारण तो दिसावा म्हणून कुणी कागद पुढे केला नव्हता.

या द्रवाची गरज का पडली, हे आधी सांगायला हवं. डेंटिस्टकडे हिरडीचा आजार तपासायची दोन मुख्य साधनं आहेत. एक म्हणजे प्रोब: मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट टोकाची सळई. ती खाचेत हलकेच सरकवायची आणि खाच किती खोल गेली ते वाचायचं. चार, पाच, सात मिलिमीटर असा आकडा आला की त्या खाचेला पॉकेट म्हणतात. दुसरं साधन एक्स-रे. त्यात दाताभोवतीचं हाड किती झिजलं ते दिसतं. दोन्ही साधनं चांगली आहेत, स्वस्त आहेत, आजही त्यांच्यावाचून चालत नाही. पण ती सांगतात ती झालेली हानी. पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठच्या घरांच्या भिंतींवर पुराची रेघ राहते. पाणी कुठवर आलं होतं ते तिच्यावरून कळतं, या क्षणी पाणी चढतंय की उतरतंय ते कळत नाही. प्रोबचं तसंच आहे. सहा मिलिमीटरचं पॉकेट आज पेटलेलं असेल, किंवा पाच वर्षांपूर्वी पेटून आता शांतही झालं असेल. हाड गेलं की आपल्या आपण परत येत नाही. म्हणून आज काय चाललंय ते कळण्याला इतकं मोल आहे.

या द्रवाची कथा उत्तर युरोपात सुरू होते, आणि तीही एका वेगळ्याच भांडणातून. हिरडीची आतली त्वचा दाताला चिकटलेली असते की नुसती टेकलेली, असा तो वाद होता. व्हिएन्नाच्या बर्नहार्ड गॉटलीब यांनी 1921 साली ती चिकटलेली असते असं मांडलं होतं. ऑस्लोचे येन्स वेरहॉग यांना ते पटलं नाही. पोलादाच्या अतिशय पातळ पट्ट्या हिरडी आणि दात यांच्यामध्ये सरकवून त्यांनी 1952 साली आपला प्रबंध लिहिला: हिरडी दाताला नुसती घट्ट टेकलेली असते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं या मुद्द्यावर त्यांना खोटं पाडलं. पेशी दाताला खरोखरच धरून असतात हे 1960च्या दशकात स्पष्ट दिसलं. पण त्या प्रयोगांच्या ओघात वेरहॉग यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि ती टिकली. निरोगी कुत्र्यांच्या हिरडीच्या खाचेत बाहेरून घातलेले जंतू तिथे तग धरत नव्हते. दोनेक दिवसांत खाच पुन्हा साफ झालेली असे. म्हणजे आतून बाहेर काहीतरी वाहत होतं आणि जाताना खाच धुऊन नेत होतं.

ते काय, हे 1958 साली नाफ्ताली ब्रिल आणि बू क्रासे या दोघांनी दाखवलं. प्रयोग इतका साधा आहे की वाचताना आनंद होतो. कुत्र्याच्या स्नायूत फ्लुओरेसीन या रंगद्रव्याचं इंजेक्शन द्यायचं. हे द्रव्य अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं. मग फिल्टर पेपरची अरुंद पट्टी हिरडीच्या खाचेत सरकवायची, काढायची आणि अतिनील दिव्याखाली धरायची. इंजेक्शननंतर तीन मिनिटांच्या आत पट्टीचं टोक चमकू लागलं. स्नायूतून रक्तात, रक्तातून हिरडीच्या केशवाहिन्यांत, तिथून पेशींच्या फटींतून खाचेत, एवढा प्रवास तीन मिनिटांत. हिरडीच्या खाचेतला द्रव थुंकीचा नाही, तो रक्ताकडून येतो, हे त्या चमकणाऱ्या टोकानं सिद्ध केलं. आणि त्याच दिवशी या द्रवाची तपासणी कशी करायची तेही ठरून गेलं. आजतागायत जगभरात वापरतात ती पद्धत हीच: कागदाची पट्टी.

क्रासे यांचं नाव दंतवैद्यकात आणखी एका ठिकाणी येतं. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत साखर आणि चिकट टॉफी खाऊ घालून दात किडण्याचा अभ्यास झाला. त्याच्या 1954 सालच्या प्रबंधाच्या लेखकांत तेही होते. त्या अभ्यासातून साखरेबद्दल जे कळलं ते आजही शिकवलं जातं. पण ज्यांच्या दातांवर ते शिक्षण झालं, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. हिरडीच्या द्रवाचं बरंचसं ज्ञानही कुत्र्यांच्या तोंडातून आलं आहे. हे ऋण लेखी असावं असं मला वाटतं.

ब्रिल यांनी पुढची काही वर्षं याच द्रवाला वाहिली. चघळल्यानं तो वाढतो, ब्रशनं हिरडी चोळली तरी वाढतो, असं त्यांना आढळलं. त्यांचं म्हणणं होतं की निरोगी हिरडीतूनही हा द्रव वाहतो, तो शरीराचा स्वाभाविक बंदोबस्त आहे. इथे हॅराल्ड लो यांनी हरकत घेतली.

लो हे नॉर्वेचे, त्या काळी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे काम करत होते. 1965 साली त्यांनी पॉल होल्म-पेडरसन यांच्यासह पट्टी खाचेत खुपसण्याऐवजी नुसती खाचेच्या तोंडाशी, हिरडीच्या काठावर टेकवली. अगदी निरोगी हिरडीपाशी पट्टी जवळपास कोरडीच राहिली! ब्रिल यांची पट्टी तळापर्यंत जात होती, तिथल्या नाजूक पेशींना डिवचत होती, आणि डिवचल्यामुळे वाहिन्यांतून द्रव पाझरत होता. मोजायला जावं तर मोजण्यानंच ती गोष्ट तयार व्हावी, असा हा पेच. लो यांच्या मते हा द्रव म्हणजे दाहाची खूण होती, आणि डोळ्यांना सूज दिसण्याच्या आधीच पट्टी ओली होऊ लागते असं त्यांना आढळलं होतं.

त्याच वर्षी ऑर्हुसमध्ये लो, एल्से थायलाडे आणि बोर्गलुम येन्सेन यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. नऊ दंतविद्यार्थी, एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतले दोन तंत्रज्ञ अशा बारा निरोगी माणसांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साठणारा जंतूंचा थर हेच हिरडीच्या सुजेचं कारण, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. द्रवाच्या अभ्यासालाही या प्रयोगानं एक चौकट दिली: निरोगी हिरडी मुद्दाम आजारी करायची, रोज पट्टी लावायची, पुन्हा बरी करायची.

ब्रिल बरोबर की लो, हा निवाडा पुढे एका तिसऱ्याच वाटेनं लागला. 1974 साली मायकेल अल्फानो यांनी मांडलं की दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेळ वेगवेगळी आहे. खाचेत जंतूंनी सोडलेले मोठे रेणू साचतात. ते पाण्याला आपल्याकडे ओढतात, म्हणून आरंभी येणारा द्रव हा नुसता परासरणानं ओढला गेलेला, पातळ असतो. मग दाह सुरू होतो, वाहिन्या सैल पडतात आणि रक्तातली प्रथिनं घेऊन दाट द्रव येऊ लागतो. डेव्हिड पॅशली यांनी 1976 साली याचं गणित मांडलं आणि ते जुळलं. मला या सगळ्या वादात हे उत्तर सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यानं द्रवाकडे काळाच्या अंगानं पाहायला शिकवलं. आज किती आहे यापेक्षा आज कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

पण मोजण्याची हौस लगेच सुटली नाही, आणि ती हौस वाया गेली असंही नाही. सुरुवातीला पट्टीवर निनहायड्रिन टाकत. गुन्हे अन्वेषणात कागदावरचे बोटांचे ठसे उमटवायला जे रसायन वापरतात, तेच हे. ओल्या भागातल्या प्रथिनांमुळे तिथे जांभळा डाग पडतो. मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डाग किती मिलिमीटर चढला ते मोजायचं. काम किचकट आणि वेळखाऊ. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातल्या विनिपेग इथल्या हार्को इलेक्ट्रॉनिक्सनं पेरिओट्रॉन नावाचं छोटं यंत्र काढलं. दोन धातूच्या जबड्यांमध्ये पट्टी धरायची. पट्टी जितकी ओली तितका विद्युत गुणधर्मात फरक पडतो आणि पडद्यावर आकडा येतो. संशोधकांच्या हातात ते पडलं आणि पट्टीचं काम सेकंदांवर आलं.

ही पट्टी लावण्याची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. आधी त्या दाताच्या दोन्ही अंगांना कापसाची गुंडाळी ठेवून थुंकी अडवतात. दातावरचा वरचा थर हलकेच पुसून काढतात, कारण तो पट्टीला लागला तर जंतूंचीच रसायनं मोजली जातील. मग हवेचा मंद झोत देऊन दात कोरडा करतात, झोत हिरडीच्या आत न शिरेल अशा बेतानं. चिमट्यात धरलेली पट्टी खाचेत जरासा अडथळा लागेपर्यंत सरकवायची आणि तीस सेकंद हात न हलवता थांबायचं. काढल्यावर पट्टीवर लाल ठिपका दिसला तर ती फेकून द्यायची. रक्तात हीच प्रथिनं भरपूर असतात, त्यामुळे एका ठिपक्यानं सगळं मोजमाप बिघडतं. जी हिरडी जास्त आजारी ती जास्त लवकर रक्त सोडते. म्हणजे जिथे तपासणीची गरज सर्वाधिक, तिथेच नमुना हाती लागणं सर्वांत अवघड.

1974 साली जिनिव्हाच्या जॉर्जिओ चिमासोनी यांनी या द्रवावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि 1983 साली तो सुधारून पुन्हा काढला. तोवर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आली होती: द्रव वाढला म्हणजे हिरडी सुजली आहे हे कळतं, पण हाड जातंय का हे कळत नाही. साधी सूज आणि हाड खाणारा आजार यांत फरक करायचा तर द्रवाच्या आत शोधायला हवं होतं. या शोधाला चालना मिळाली ती 1984 साली. सिगमंड सोक्रान्स्की, ॲन हॅफाजी, मॅक्स गुडसन आणि यान लिंडे यांनी मांडलं की हा आजार संथ, एकसारख्या गतीनं पुढे सरकत नाही. एखाद्या जागी अचानक उसळतो, थोडा काळ हाड खातो आणि मग थंडावतो. दुसऱ्या जागी केव्हा उसळेल ते सांगता येत नाही. हे खरं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा प्रोब लावून हानी मोजणं म्हणजे उशीरच. उसळी चालू असतानाची खूण हवी.

पहिली खूण हृदयाच्या डॉक्टरांकडून उसनी आली. रक्ताच्या रिपोर्टवर एसजीओटी नावाची ओळ आपण सगळ्यांनी वाचलेली असते. पेशी मेल्या की त्यांच्यातलं हे विकर रक्तात सांडतं, म्हणून 1954 साली हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी ते वापरायला सुरुवात झाली. दंतवैद्यांनी विचार केला: हिरडीतल्या पेशी मेल्या तर ते खाचेत सांडायला हवं. 1984 साली बीगल जातीच्या कुत्र्यांत तसंच घडताना दिसलं. 1990च्या दशकात खुर्चीशेजारी करता येईल असा, पट्टी रंगीत द्रावणात बुडवायचा संच बाजारात आला. पण तो रुजला नाही. नुसती सूज असली तरी पेशी मरतातच. मग हाड जाणाऱ्या जागा आणि फक्त सुजलेल्या जागा एकाच रंगात दिसू लागल्या. दरम्यान 1986 साली स्टीव्हन ऑफेनबाकर यांनी द्रवातल्या प्रोस्टाग्लँडिन ई2 या दाहद्रव्यावरून पुढची हानी ओळखता येते असं दाखवलं. विज्ञान म्हणून ते भक्कम होतं, दवाखान्यात वापरण्याजोगं झालं नाही.

जी खूण अखेर टिकली तिचा उगम बेडकाच्या पिल्लात आहे. बेडूकमाशाचा बेडूक होताना त्याची शेपटी विरघळून नाहीशी होते. शेपटीत कोलॅजन असतं, तेच चिवट प्रथिन ज्यानं आपली हिरडी दाताला आणि दात हाडाला बांधलेला असतो. इतकं चिवट प्रथिन कोण कापतं? जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी 1962 साली शेपटीच्या ऊतीचे तुकडे कोलॅजनच्या जेलवर जिवंत ठेवले. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळून पारदर्शक कडी पडली. कोलॅजनेज हे विकर सापडलं होतं. चारच वर्षांत, 1966 साली, हॅरोल्ड फुलमर आणि विल्यम गिब्सन यांनी माणसाच्या हिरडीतही तीच क्रिया दाखवली.

न्यू यॉर्कमधल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात लॉर्न गोलब यांनी हे विकर हिरडीच्या द्रवात शोधलं. मधुमेही उंदरांच्या हिरड्यांत ते जास्त असायचं. जंतू मारण्यासाठी म्हणून मिनोसायक्लिन दिलं तर विकराची क्रिया घटली. पण गंमत अशी की जंतूमुक्त वाढवलेल्या उंदरांतही ती घटली. म्हणजे औषध जंतूंवर नव्हे, थेट विकरावर काम करत होतं. 1983 साली हे प्रसिद्ध झालं. त्यातून पंधरा वर्षांनी, 1998 मध्ये, 20 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनला अमेरिकेत हिरडीच्या आजारावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. जंतू मारायला पुरणार नाही इतका तो डोस लहान होता, आणि तेच हवं होतं.

या विकराच्या अनेक भावंडांपैकी मुख्यतः पांढऱ्या पेशींकडून येणारं, आठव्या क्रमांकाचं, म्हणजे एमएमपी-8, यावर हेलसिंकीचे टिमो सोर्सा चिकाटीनं काम करत राहिले. त्यांनी पकडलेला धागा असा की हे विकर निरोगी हिरडीतही असतं, पण झोपलेलं. ऊती तोडणं चालू असतं तेव्हा ते जागं, सक्रिय रूपात सापडतं. तेव्हा एकूण किती आहे ते मोजू नका, जागं किती आहे ते मोजा. 2003 साली पैवी मॅंट्यूला, सोर्सा आणि सहकाऱ्यांनी खुर्चीशेजारी मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तिचे बाजारी संच युरोपात आले. करोनाच्या काळात आपण घरी ज्या पट्ट्यांवर दोन रेघा येतात का ते पाहत होतो, त्याच जातीची ही चाचणी आहे. दोन प्रतिपिंडं, एक कागद आणि त्यावर उमटणारी रेघ.

तरीही आज कुठल्याही सामान्य दवाखान्यात ही चाचणी सहसा दिसत नाही. कारण अगदी व्यवहाराचं आहे. प्रोब लावताना एका दाताभोवती सहा जागा तपासतात. अठ्ठावीस दात धरले तर 168 जागा. इतक्या पट्ट्या कोण लावणार आणि त्याचे पैसे कोण देणार? शिवाय एका जागेच्या पट्टीनं शेजारच्या जागेचं काही कळत नाही. पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला द्रव तासाला साधारण चाळीस वेळा बदलतो असा गुडसन यांचा अंदाज आहे. तेव्हा पट्टी सांगते ते त्या दीड मिनिटाचं. म्हणून सोर्सांच्या गटानं दुसरी वाट घेतली: तीस सेकंद पाण्याची चूळ भरायची आणि त्या पाण्यात सक्रिय विकर शोधायचं. सगळ्या खाचांतून उतरलेला द्रव त्यात एकत्र येतो. यात कोणता दात आजारी ते कळत नाही, पण तोंडात कुठेतरी हाड जातंय की नाही याचा अंदाज येतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या हिरडीच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात अशा जैविक खुणांसाठी पुढे जागा ठेवली आहे. त्यांच्यावर निदान बांधण्याइतका विश्वास मात्र अजून टाकलेला नाही. मला तो सावधपणा योग्य वाटतो.

पण चुळीच्या चाचणीबद्दल मला मनापासून आस्था आहे. आपल्याकडे हिरडीच्या आजारासाठी दवाखान्यात येणारा माणूस बहुधा दात हलायला लागल्यावरच येतो, कारण हा आजार दुखत नाही. तालुक्याच्या शिबिरात खुर्ची नसते, हाताशी दिवा नसतो, प्रोब धरणारा प्रशिक्षित हात एखादाच असतो, आणि समोर पन्नाशीच्या दोनशे माणसांची रांग असते. अशा ठिकाणी चूळ भरून पाच-दहा मिनिटांत कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवता आलं, तर कितीतरी दात वाचतील. मधुमेह असलेल्यांसाठी तर ते आणखीनच महत्त्वाचं, कारण हिरडीचा आजार आणि रक्तातली साखर एकमेकांना बिघडवतात हे आता पक्कं झालं आहे. त्यासाठी संच स्वस्त व्हायला हवा, आणि आपल्या लोकांवर त्याची कसून परीक्षा व्हायला हवी.

त्या परीक्षेत एक गोष्ट विशेष काळजीनं पाहावी लागेल. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्या आजारी असूनही कमी रक्त सोडतात, कारण वाहिन्यांचा प्रतिसाद दबलेला असतो. त्यांच्यात द्रवाचा प्रवाह आणि हे विकरही काही अभ्यासांत कमी आढळलं आहे. म्हणजे ज्यांचं हाड सर्वांत वेगानं जातं, त्यांच्याच पट्टीवर रेघ फिकट येण्याची भीती. मशेरी लावणाऱ्या, तंबाखूची चिमूट गालात ठेवणाऱ्या माणसांच्या बाबतीत रेघ कुठे ओढायची, कोणत्या मर्यादेपुढे आजार समजायचा, हे युरोपातल्या आकड्यांवरून ठरवून चालणार नाही. ती मर्यादा इथल्याच तोंडांत, इथल्याच पट्ट्यांवर शोधावी लागेल.